२४० किलो उचलूनही कांस्यच का? कर्णम मल्लेश्वरीची कारकीर्द कशी वाचायची

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी महिला वेटलिफ्टिंगमधला सर्वांत हलका वजनगट ५३ किलोंचा ठरला आणि आता मीराबाई चानूचं काय, ही चर्चा सुरू झाली. टोकियोतलं तिचं रौप्य ४९ किलोंच्या गटातलं. २०२५ च्या जागतिक स्पर्धेतलं रौप्य ४८ च्या गटातलं. हे दोन्ही गट लॉस एंजेलिसला नसतील, म्हणजे तिला वजन वाढवून वरच्या गटात जावं लागणार. बातमी वाचून नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या जिममध्ये एकाने सरळ विचारलं, "चार-पाच किलोनं असा काय फरक पडते बावा? वजन उतरवणं कठीण असते, वाढवणं तं सोपंच असते नं."

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला चालू कारकिर्दीपेक्षा पूर्ण झालेली कारकीर्द बरी, कारण तिचे सगळे आकडे समोर असतात. म्हणून कर्णम मल्लेश्वरी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या सिडनीतल्या पदकाला पंचवीस वर्षं झाली. ऑलिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, एवढं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना पाठ असतं. त्या पदकाच्या मागचे-पुढचे आकडे मात्र गोंधळात टाकतात. १९९४ आणि १९९५ ला ती जगज्जेती, गट ५४ किलो. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य, गट ६३. २००० ला सिडनीत कांस्य, गट ६९. २००४ ला अथेन्समध्ये स्पर्धाही पूर्ण करता आली नाही, आणि निवृत्ती. सोनं, चांदी, कांस्य, शून्य. वरवर पाहिलं तर सरळ उतार.

माझ्या मते हा उतार फसवा आहे. तो का, हे कळायला आधी खेळ कळला पाहिजे.

पॉवरलिफ्टिंग हा खेळच वेगळा

नागपूरच्या स्थानिक पानावर कुणीतरी 'वेटलिफ्टिंगमध्ये सुवर्ण' जिंकल्याची बातमी येते आणि घराघरांत ऑलिम्पिकची भाषा सुरू होते. पुष्कळदा ती स्पर्धा पॉवरलिफ्टिंगची असते. त्यात स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात. मेहनत तिथेही प्रचंड लागते, पण तो खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही.

ऑलिम्पिकमधल्या वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार. पहिला स्नॅच: बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. दुसरा क्लीन अँड जर्क: आधी बार खांद्यांवर घ्यायचा, उभं राहायचं, मग तिथून डोक्यावर फेकायचा. १९७२ पर्यंत तिसराही एक प्रकार होता, प्रेस नावाचा. लिफ्टर मागे वाकून वजन ढकलत आणि ते नियमात बसतं की नाही हे पंचांना ठरवता येईना, म्हणून तो काढून टाकला.

वजन वर जात नाही, माणूस खाली जातो

स्नॅच टीव्हीवर दोन-तीन सेकंदांत संपतो. त्यामुळे हातांच्या जोरावर बार वर गेला असंच बघणाऱ्याला वाटतं. ते तसं नाही.

कळमना मार्केटमध्ये सोयाबीनचे कट्टे ट्रकमध्ये चढताना पाहा. जुना हमाल कट्टा पाठीवर 'उचलत' नाही. दोघे जण कट्टा दोन्ही टोकांना धरून झुलवतात, तो जेमतेम कंबरेच्या वर येतो आणि त्या क्षणी हमाल वळून, गुडघे वाकवून, स्वतःच त्याच्या खाली शिरतो. कट्टा अलगद पाठीवर बसतो. पुढचं काम पायांचं. नवा पोरगा ताकदीने दुप्पट असला तरी त्याचा कट्टा घसरतो, कारण खाली शिरायला त्याला अर्धा क्षण उशीर होतो.

वेटलिफ्टर हे एकट्याने करतो. पाय आणि पाठीच्या जोरावर तो बारला पोटाच्या आसपासच्या उंचीपर्यंत वेग देतो. बार अजून वर जात असतानाच तो झपकन खाली बसतो, हात सरळ करतो आणि मग उभा राहतो. खाली बसायला उशीर झाला तर बार पुढे पडतो. घाई झाली तर मागे. म्हणून या खेळात ताकदीइतकीच किंमत चपळाईला आहे, आणि चपळाई वयाबरोबर ताकदीच्या आधी जाते. पंचविशीच्या आसपास बहुतेक लिफ्टर शिखरावर असतात, त्याचं मोठं कारण हेच. सिडनीत मल्लेश्वरी पंचवीस वर्षांची होती.

सहा प्रयत्न, एक बेरीज आणि सिडनीची ती संध्याकाळ

दोन्ही प्रकारांत प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात. दोन्हींतला सर्वोत्तम यशस्वी प्रयत्न घेऊन बेरीज करतात. तिला टोटल म्हणतात. ऑलिम्पिक पदक टोटलवर मिळतं. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले तर बेरीजच होत नाही, दुसऱ्या प्रकारात तुम्ही डोंगर उचलला तरी.

आता बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारा नियम. बारवरचं वजन एका प्रकारात फक्त चढत जातं, खाली येत नाही. सगळ्यांत कमी वजन मागणारी आधी येते, जास्त मागणारी नंतर. पडद्यामागे प्रशिक्षकांचा एक वेगळाच सामना चालू असतो: प्रतिस्पर्धी किती मागेल, तिचे किती प्रयत्न उरलेत, आपण आकडा वाढवून तिला आधी पाठवायचं का. तो आकडा स्पर्धा चालू असताना बदलताही येतो.

१९ सप्टेंबर २०००. मल्लेश्वरीने स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो उचलले. टोटल २४०. चीनची लिन वेनिंग आणि हंगेरीची एर्झेबेत मार्कुश या दोघी २४२.५ वर. बरोबरी झाली तर जिचं शरीराचं वजन कमी तिला वरचं स्थान, असा तेव्हाचा नियम होता, आणि त्यावर सोनं लिनला गेलं. (हा नियम आता नाही. ती बेरीज जो आधी गाठतो तो पुढे.) मल्लेश्वरीचा एक प्रयत्न बाकी होता. बारवर १३७.५ किलो लागले. तो प्रयत्न फसला आणि कांस्य नक्की झालं.

कागदावर हिशोब करून बघा. १३२.५ उचलले असते तर बरोबरी. १३५ उचलले असते तर टोटल २४५, म्हणजे निर्विवाद सोनं. मग एकदम साडेसात किलोंची उडी का? यावर आजही वाद होतो आणि डावपेच चुकला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. निकालाचा तक्ता हातात घेऊन हे म्हणणं सोपं आहे, एवढंच माझं म्हणणं. तेव्हा वजन अडीच-अडीच किलोंच्या टप्प्यातच वाढवता येई. एक-एक किलोची मुभा २००५ मध्ये आली. १३० चा घाम निघालेल्या पायांना १३५ नक्की झेपले असते असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण २४० आणि २४२.५ मध्ये एक टक्क्याचं अंतर आहे, तेवढं लक्षात ठेवा. पॅरिसमध्ये मीराबाईचं कांस्य तर एका किलोने गेलं: तिची टोटल १९९, तिसऱ्या क्रमांकाच्या थायलंडच्या मुलीची २००.

"५४ मध्ये जगज्जेती आणि ६९ मध्ये कांस्य, मग घसरणच ना?"

इथे जिममधल्या त्या प्रश्नाकडे यावं लागतं.

शरीर सगळ्या बाजूंनी सारखं वाढलं तर त्याचं वजन घनफळाच्या हिशोबाने वाढतं. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीच्या, म्हणजे आडव्या छेदाच्या हिशोबाने वाढते. वजन वेगाने वाढतं, ताकद त्याच्या मागे रेंगाळते. म्हणून हलक्या गटातल्या मुली स्वतःच्या वजनाच्या मानाने अचाट उचलतात. मीराबाईची टोकियोतली टोटल २०२ किलो, म्हणजे ४९ किलोंच्या गटात शरीराच्या चौपटीहून जास्त. मल्लेश्वरीचे सिडनीतले २४० म्हणजे साडेतीन पटींच्या आसपास. आणि जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेची २०२१ मधली ४९२ किलोंची विक्रमी टोटल त्याच्या पावणेदोनशे किलोंच्या आसपासच्या शरीराच्या तिप्पटही भरत नाही. तरी जगातला सर्वांत ताकदवान माणूस तोच.

पण वरच्या गटात गेलं की मोजमाप पटींत होत नाही, किलोंत होतं. तिथे समोर उभी असते ती मुळातच त्या हाडापेराची, उंच, रुंद पाठीची मुलगी. स्पर्धेच्या दोन तास आधी वजन घेतात, त्यामुळे ५३ च्या गटातली मुलगी सरावात त्याहून दोन-तीन किलोंनी जडही असू शकते. तिच्याशी भिडायचं तर वाढवलेलं वजन चरबीचं असून भागत नाही. प्रत्येक किलो स्नायूचा हवा, आणि तो चपळाई न घालवता यायला हवा. हे काम महिन्यांचं नाही, वर्षांचं असतं. आलुबोंडे खाऊन वाढतं ते वजन काट्यावर दिसतं, बारवर दिसत नाही.

मल्लेश्वरीने ५४ पासून ६९ पर्यंतचा प्रवास पाच वर्षांत केला. मधे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळे वजनगटच बदलले. ५४, ५९, ६४ गेले. ५३, ५८, ६३, ६९ आले. डोपिंगच्या सावटातले जुने विक्रम बाजूला ठेवून पाटी कोरी करायची, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. परिणाम असा की ज्या गटात ती दोनदा जगज्जेती झाली तो गटच नाहीसा झाला. तीन गट वर जाऊन ऑलिम्पिक सुवर्णापासून अडीच किलोंवर पोहोचणं, याला मी घसरण म्हणणार नाही.

"एवढी भारी होती तर १९९६ मध्ये अटलांटात पदक का नाही?"

कारण अटलांटात महिलांचं वेटलिफ्टिंगच नव्हतं.

तिची कारकीर्द वाचताना नजरेतून सुटते ती ही गोष्ट. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली. ऑलिम्पिकचं दार उघडलं ते २००० मध्ये. तेरा वर्षं जगज्जेत्या होत होत्या आणि ऑलिम्पिकच्या वर्षी घरी बसत होत्या. १९९६ च्या उन्हाळ्यात मल्लेश्वरी एकवीस वर्षांची होती, सलग दोन जागतिक विजेतेपदं नावावर होती, पण स्पर्धेचं दारच बंद होतं. म्हणून सिडनीचं कांस्य म्हणजे तिचं एकमेव शिखर, असं मी मानत नाही. एक शिखर पाच वर्षं आधीच येऊन गेलं होतं. ऑलिम्पिकला पोहोचायला उशीर झाला.

मणिपूरच्या कुंजराणी देवींचं नशीब तर याहून कठोर. जन्म १९६८ चा. १९८९ पासून जागतिक स्पर्धांत रौप्यामागून रौप्य. सिडनीच्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. त्यांच्याऐवजी मल्लेश्वरी का, यावर तेव्हा बरीच टीकाही झाली होती. शेवटी अथेन्सला संधी मिळाली तेव्हा वय छत्तीस, आणि स्थान चौथं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सोनं घेतलं. पदकतालिकेत कुंजराणींच्या नावापुढे ऑलिम्पिकचा रकाना रिकामा आहे. त्यात त्यांची चूक काय, तर दहा वर्षं आधी जन्मल्या.

दार आजही पूर्ण उघडं नाही. स्त्री-पुरुष मिळून रिओत वेटलिफ्टिंगची १५ सुवर्णपदकं होती, टोकियोत १४, पॅरिसमध्ये १०. लॉस एंजेलिसमध्ये १२ असतील. गट कमी झाले की दोन गटांतली दरी रुंदावते आणि मधल्या वजनाच्या, किंवा सगळ्यांत हलक्या, खेळाडूंना वर-खाली सरकावं लागतं. मीराबाईवर आलेली वेळ यातूनच आली आहे. स्पर्धेच्या वेळी ती चौतिशीच्या उंबरठ्यावर असेल.

"पण हा सगळा औषधांचाच खेळ ना?"

हा आक्षेप टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. वेटलिफ्टिंगइतकं डोपिंगने पोखरलेले खेळ थोडेच. २०२८ च्या प्राथमिक यादीतून या खेळाला वगळलं होतं, त्याचं एक मुख्य कारण तेच. २०२३ मध्ये तो परत घेतला.

डोपिंग म्हटलं की लोकांना स्नायू फुगवणारी इंजेक्शनंच आठवतात. सिडनीतच बल्गेरियाच्या तिघांची पदकं काढून घेतली गेली, त्यांत महिलांच्या ४८ किलो गटातलं सोनंही होतं. सापडलेलं औषध होतं फ्युरोसेमाइड. ते ताकद वाढवत नाही, लघवी वाढवतं. शरीरातलं पाणी काढून वजन गटात बसवायला आणि दुसऱ्या औषधांच्या खुणा पुसट करायला त्याचा वापर होतो, म्हणून त्यावर बंदी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत बर्डीच्या बाजारात चक्कर मारून आल्यावर डोकं कसं गरगरतं ते आठवा, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या शरीराने डोक्यावर शंभर किलो धरणं किती धोक्याचं ते कळेल. भारतही यात स्वच्छ नाही. अथेन्समध्ये आपल्या दोन महिला लिफ्टर चाचणीत दोषी ठरल्या.

आता सामान्य वाचकाला सर्वांत चक्रावणारा भाग. खेळाडू निवृत्त होतो, लग्नकार्य होतं, मुलं शाळेत जातात, आणि एक दिवस बातमी येते की त्याचं पदक गेलं. किंवा त्याला पदक मिळालं. कारण ऑलिम्पिकमध्ये घेतलेले लघवीचे नमुने गोठवून ठेवतात आणि दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. चाचणीचं तंत्र दरम्यान सुधारतं आणि जुनी चोरी नव्याने दिसते.

लंडन २०१२ मधला पुरुषांचा ९४ किलो गट हे त्याचं अजब उदाहरण. फेरतपासणीत पहिले तिघेही दोषी निघाले. चौथाही. मधले आणखी काही. शेवटी सोनं गेलं मुळात पाचव्या आलेल्या इराणी लिफ्टरला, रौप्य आठव्याला आणि कांस्य नवव्याला. त्यातला नववा, पोलंडचा खेळाडू, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या वेळी स्वतःच चाचणीत सापडला. कझाकस्तानच्या इल्या इलिनची २००८ आणि २०१२ ची दोन्ही सुवर्णपदकं गेली.

म्हणून आजच्या लिफ्टरच्या कारकिर्दीची फाइल निवृत्तीच्या दिवशी बंद होत नाही. आणि म्हणूनच सगळ्यांना एका तराजूत तोलणंही बरोबर नाही. मागच्या क्रमांकावर येऊन घरी गेलेला स्वच्छ खेळाडूही असतो, त्याचा पोडियमवरचा क्षण कुणी परत देत नाही.

"मुलीला यात घातलं तर उंची खुंटेल का?"

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाबाहेर पालकांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. नीट देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या सरावाने उंची खुंटते याला पुरावा नाही. हलक्या गटातल्या मुली बुटक्या दिसतात कारण बुटक्या मुलीच तिथे टिकतात. हात-पाय आखूड असले की बारला कमी अंतर कापावं लागतं. कारण आणि परिणाम उलटे धरल्याने हा समज पसरलाय. वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ मध्ये ४५ किलो गटात ज्युनियर जगज्जेती झाली, असा मान मिळवणारी पहिली भारतीय. तिच्या बांध्याला शोभणारा खेळ तिला सापडला.

खरी काळजी दुसरी असते: पाठ, गुडघा, खांदा, कोपर. अथेन्समध्ये मल्लेश्वरीला पाठीनेच थांबवलं. महिलांचा रिकामा बारच १५ किलोंचा असतो, म्हणून लहान मुलांना आधी त्याहून हलक्या बारवर, प्रसंगी नुसत्या काठीवर, खाली शिरायला शिकवतात. पहिल्या आठवड्यातच प्लेट चढवणारा प्रशिक्षक दिसला तर मुलीला तिथून काढा.

निवृत्तीनंतर काय?

या खेळात लीगचे पैसे नाहीत, जाहिराती क्वचित. त्यामुळे भारतीय लिफ्टरच्या कारकिर्दीचा कणा सरकारी नोकरी असतो. कुंजराणी देवी केंद्रीय राखीव पोलीस दलात होत्या, मल्लेश्वरी भारतीय अन्न महामंडळात. २०२१ मध्ये मल्लेश्वरी दिल्ली क्रीडा विद्यापीठाची कुलगुरू झाली, पण तो अपवाद. बहुतेकांची मजल रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमापर्यंत असते, आणि ती काही लहान गोष्ट नाही.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. अडचण इथेच येते. एकाच खेळाच्या नावाने दोन-तीन संघटना स्पर्धा भरवतात, पदकं सगळ्यांची सारखीच चमकतात, आणि पडताळणीत मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद परत येतो. कुठली संघटना आणि कुठल्या दर्जाची स्पर्धा ग्राह्य धरली जाते हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. ते प्रवेशिका भरण्याआधी पाहून घ्यावं, पदक घेऊन आल्यावर नाही.